एका हाताचा हिशोब : ऑगस्ट ड्व्होरॅक

काउंटर-स्ट्राइक खेळताना आपला डावा हात नक्की काय करत असतो, हे कधी नीट बघितलंय? उजवा हात माउसवर. डाव्या हाताची मधली तीन बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर, अंगठा स्पेसबारवर, करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलच्या मध्ये कुठेतरी लटकलेली. शंभरावर बटणांच्या कीबोर्डमधली जेमतेम वीस बटणं कामाची, बाकीचा कीबोर्ड टेबलावर उगाच ऐसपैस पसरलेला. २०००च्या दशकात अंधेरी-बोरिवलीच्या सायबर कॅफेंमध्ये जागा इतकी कमी असायची की शेजारच्याचं कोपर आपल्या न्यूमरिक पॅडवर यायचं!

मग कंपन्यांनी काय केलं, तर तेवढी वीस बटणं कापून वेगळी काढली. बेल्किनचा नोस्ट्रोमो, २००९ साली आलेला लॉजिटेकचा जी-१३, नंतरचा रेझरचा टार्टारस. तळहात टेकवायला उंचवटा, अंगठ्यापाशी छोटी जॉयस्टिक, आणि प्रत्येक बटणाला आपल्याला हवं ते काम नेमून द्यायची सोय. गेमसाठी बनलेली ही वस्तू लोकांनी भलत्याच कामांना जुंपली. ऑटोकॅडवाल्यांना विचारा. सर्कलचा सी, इरेजचा ई, ट्रिमचा टीआर हे डाव्या हाताखाली येतात. पण लाइनचा एल, ऑफसेटचा ओ, मूव्हचा एम उजवीकडे. म्हणजे दर वेळी माउस सोडा, एल दाबा, परत माउस शोधा. असल्या कीपॅडवर हे सगळं डाव्या पंजाखाली आणता येतं. काही जण त्याहून पुढे जाऊन सगळं टायपिंगच त्यावर करू बघतात. आणि काही जणांना तर पर्यायच नसतो, कारण त्यांना वापरता येण्यासारखा हात एकच असतो.

पाच बोटांत दहा बोटांचं काम बसवायचं कसं? इंजिनिअरला या प्रश्नाची तीन उत्तरं सुचतात. पहिलं, एकाच वेळी दोन-तीन बटणं दाबायची, पेटीवर सूर धरतात तशी. माउसचा जनक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात डाव्या हाताखाली असाच पाच बटणांचा कीसेट ठेवला होता. पाच बटणांचे दोनाचा पाचवा घात वजा एक, म्हणजे ३१ जोड होतात. इंग्रजी अक्षरं २६, हिशोब बसतो. दुसरं उत्तर, अर्धाच कीबोर्ड ठेवायचा आणि एक बटण दाबून धरलं की दुसरा अर्धा आरशातल्यासारखा उलटा त्यावर येतो. टोरांटोच्या एडगर मटायसने १९९०च्या दशकात केलेला हाफ-क्वर्टी तो हाच. तिसरं उत्तर सगळ्यात कटकटीचं: भाषेत कुठलं अक्षर किती वेळा येतं आणि कुठलं बोट कुठवर पोचतं हे मोजायचं, आणि त्यावरून अक्षरंच नव्याने मांडायची. हे ज्याने केलं, तो ना गेमर होता ना इंजिनिअर. शिक्षणाच्या मानसशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचं नाव आपण विंडोजच्या सेटिंग्जमध्ये चुकून क्लिक करताना वाचलेलं असतं.

ऑगस्ट ड्व्होरॅकचा जन्म ५ मे १८९४चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ग्लेन्को गावचा. नाव बघून तुम्हाला संगीतकार ड्व्होर्झाक आठवला असेल तर ते बरोबरच आहे. दोघांचं दूरचं नातं असल्याचं सांगतात. स्पेलिंग तेच, फक्त अमेरिकेत गेल्यावर उच्चार सपाट झाला. (आपल्याकडे दाभोळकर आणि दाभोलकर होतं, तसं.) पुढे तो सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये प्राध्यापक झाला.

टायपिंगशी त्याचा संबंध आला तो एका विद्यार्थिनीमुळे. गर्ट्रूड फोर्ड नावाच्या मुलीचा टायपिंगमधल्या चुकांवर प्रबंध चालू होता आणि ड्व्होरॅक तिचा गाइड. आपल्या गाइडने आपला रिपोर्ट वाचला तरी आपण धन्य होतो. इथे गाइडलाच विषय चावला! चुका इतक्या का होतात, त्याच त्याच का होतात, आणि शिकवणाऱ्याचा दोष की मशीनचा, या प्रश्नाने त्याला धरलं. सोबतीला मेहुणा आला, विल्यम डीली. तोही शिक्षणशास्त्राचाच प्राध्यापक, टेक्ससमधला. प्रॉडक्शनवाल्यांना वर्क स्टडीच्या पेपरमधली गिलब्रेथ जोडी आठवत असेल. कामाच्या हालचालींचे तुकडे पाडणारे, त्या तुकड्यांना स्वतःचंच आडनाव उलटं करून थर्ब्लिग म्हणणारे. डीलीला त्यांच्या पद्धतीची ओळख झालेली होती. मग मेहुण्या-मेहुण्यांनी टायपिस्टच्या हातांच्या फिल्म काढल्या आणि संथ गतीने पुन्हा पुन्हा बघितल्या. इंग्रजीत कोणती अक्षरं जास्त येतात, कोणती दोन अक्षरं लागोपाठ येतात, याची मोजदाद केली. कॉम्प्युटर नसताना, हाताने.

आता ज्या कीबोर्डची ही तपासणी चालली होती, त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. क्वर्टी ही मांडणी मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सची. १८७३ साली रेमिंग्टन कंपनीने त्याचं मशीन घेतलं, १८७४ साली ते बाजारात आलं. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून मुद्दाम हळू टाइप व्हावं अशी अक्षरं लावली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती जशीच्या तशी खरी मानू नका. जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली मांडलं की मोर्सचे संदेश उतरवून घेणाऱ्या तार ऑपरेटरांच्या सोयीप्रमाणे ही मांडणी बदलत गेली. एक गोष्ट मात्र नक्की: शोल्सच्या काळात दहा बोटांनी, न बघता टाइप करणं ही कल्पनाच रुळलेली नव्हती. फ्रँक मॅकगरिनने सिनसिनाटीच्या स्पर्धेत तसं टाइप करून बाजी मारली ती १८८८ साली. म्हणजे दहा बोटं नंतर आली, कीबोर्ड आधीच ठरून बसला होता.

ड्व्होरॅकला फिल्ममध्ये काय दिसलं? मधल्या ओळीवर, जिथे बोटं विश्रांती घेतात, तिथे क्वर्टीत जेमतेम ३२ टक्के टायपिंग होतं. निम्म्याहून जास्त काम वरच्या ओळीवर, म्हणजे बोटांची सतत उडी. बहुतेक माणसं उजवी, पण जास्त काम डाव्या हाताला. अख्खेच्या अख्खे शब्द एका हाताने टाइप करावे लागतात. आपल्या रोजच्यातला एक सांगतो: गेट परीक्षेचं इंग्रजी नाव टाइप करून बघा, चारही अक्षरं डाव्या हाताची. अ‍ॅव्हरेज हा शब्दसुद्धा पूर्ण डावा. याउलट मिनिमम पूर्ण उजवा. एक हात राबतोय आणि दुसरा नुसता बघत बसलाय, हे ड्व्होरॅकच्या डोळ्यांत खुपलं.

त्याने आणि डीलीने जी मांडणी केली तिच्यात सगळे स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत ओळीने बसवले: ए, ओ, ई, यू, आय. उजव्या हाताखाली त्याच ओळीत डी, एच, टी, एन, एस ही सगळ्यात जास्त लागणारी व्यंजनं. शब्दात स्वर-व्यंजन आलटून पालटून येतात, म्हणून हातही आलटून पालटून चालतात. एक हात दाबतो तेव्हा दुसरा पुढच्या बटणावर पोचलेला असतो. ७० टक्के टायपिंग मधल्या ओळीत. आकड्यांनाही सोडलं नाही, मूळ मांडणीत ते ७, ५, ३, १, ९, ०, २, ४, ६, ८ असे लावले होते. पेटंटचा अर्ज १९३२ साली केला, पेटंट मिळालं १२ मे १९३६ रोजी. त्याच वर्षी ड्व्होरॅक, डीली, गर्ट्रूड फोर्ड आणि नेली मेरिक अशा चौघांचं ‘टायपरायटिंग बिहेविअर’ हे जाडजूड पुस्तक आलं. विद्यार्थिनीचं नाव पुस्तकावर आहे हे मला फार आवडलं. (सर्व सन्माननीय गाइडनी कृपया नोंद घ्यावी.)

इथे आपल्या मराठी वाचकांसाठी एक गंमत. देवनागरीचा जो सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, १९८६ साली ठरलेला आणि १९९१च्या इस्की मानकात पक्का झालेला, त्यातही बहुतेक स्वर आणि मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे आहेत. मधल्या ओळीत डावीकडे ओ, ए, हलन्त, पहिली वेलांटी, पहिला उकार. उजवीकडे प, र, क, त, च. काना-मात्रा लागणारं अक्षर टाइप करताना उजवा-डावा-उजवा-डावा असा ताल आपोआप लागतो. ड्व्होरॅकची इंग्रजीतली कल्पना आणि ही कल्पना एकाच जातीची, फक्त आपल्या बाराखडीला ती जास्त शोभते. तरीही आपल्यातले निम्मे जण मराठी टाइप करताना रोमन अक्षरंच बडवतात. का, त्याचं उत्तर पुढे येतंच.

पेटंट हातात आलं तेव्हा सगळं जमून आल्यासारखं वाटत होतं. कार्नेगी फाउंडेशनचं अनुदान मिळालेलं. टॅकोमा शहरातल्या शाळांतून मुलांना नव्या मांडणीवर शिकवलं आणि ती लवकर शिकली, असे निकाल त्याने मांडले. १९३०च्या दशकात शाळा-कॉलेजांच्या टायपिंग स्पर्धांत ड्व्होरॅकच्या मांडणीवर शिकलेल्या मुलींनी बक्षिसांवर बक्षिसं नेली. त्यांच्या मशीनचा कडकडाट ऐकून शेजारच्या स्पर्धकांचं लक्ष उडतं, अशी तक्रार झाली आणि त्यांना वेगळं बसवावं लागलं, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा की तिखटमीठ लावलेला, देव जाणे, पण मजा आहे.

मग नशीब आडवं आलं. एक तर काळ महामंदीचा. चालू असलेली मशीनं टाकून नवी घ्यायला कोण तयार होणार? त्यात दुसरं महायुद्ध आलं आणि टायपरायटर बनवणारे कारखाने शस्त्रं बनवायला लागले. रेमिंग्टन रँड पिस्तुलं बनवत होती, अंडरवुड कार्बाइन, स्मिथ-कोरोना रायफली. ड्व्होरॅक स्वतः नौदलात गेला, लेफ्टनंट कमांडर म्हणून, कामाच्या वेळ-हालचालींचा तज्ज्ञ या नात्याने. १९४४ साली नौदलाने चौदा टायपिस्ट घेऊन त्यांना नवी मांडणी शिकवली. सरासरी ८३ तासांच्या सरावानंतर त्यांचा वेग मिनिटाला ३२ शब्दांवरून ५६ वर गेला. अहवाल म्हणाला, शिकवण्याचा खर्च थोड्याच दिवसांत वसूल होतो. एवढा निकाल हातात असल्यावर जग जिंकल्यासारखं वाटलं असेल.

पण थांबा. आपण इंजिनिअरिंगची पोरं, रीडिंग बघितल्यावर आधी सेटअप विचारायचा. तुलनेसाठी दुसरा एक गट जुन्याच मांडणीवर सराव करत होता, पण त्या गटाचा सुरुवातीचा वेग वेगळ्या पद्धतीने मोजला होता: पहिल्या काही दिवसांची सरासरी काढून. म्हणजे त्यांची सुरुवातीची सुधारणा आधीच पोटात घातली गेली. शिवाय नौदलात या विषयाचा तज्ज्ञ कोण, तर ज्याच्या नावावर पेटंट आहे तोच. स्टॅन लिबोविट्झ आणि स्टीफन मार्गोलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० साली यावर सडकून टीका केली. ड्व्होरॅकने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण स्वतःच्या मशीनची परीक्षा स्वतः घ्यायची नसते. व्हायवाला एक्स्टर्नल का येतो, त्याचं हेच कारण.

एक्स्टर्नल आला १९५६ साली. अमेरिकन सरकारच्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी अर्ल स्ट्राँग या प्राध्यापकाने दहा सरकारी टायपिस्टना ड्व्होरॅक शिकवलं. रोज चार तास सराव करून त्यांना आपला स्वतःचाच जुना वेग गाठायला पंचवीसहून जास्त दिवस लागले. त्यानंतर दोन्ही गटांना आणखी सराव दिला तर क्वर्टीवालेच जास्त पुढे गेले. निष्कर्ष असा की बदलण्यात पैसे घालवू नयेत. आता या स्ट्राँगवरही आक्षेप आहेत. तो आधीपासूनच या मांडणीच्या विरोधात होता आणि त्याची कच्ची आकडेवारी नंतर कोणाला तपासायला मिळाली नाही, असं म्हणतात. म्हणजे इंटर्नल पक्षपाती आणि एक्स्टर्नलही पक्षपाती! पण सरकारी कचेऱ्यांना हवा होता तो निकाल मिळाला आणि ड्व्होरॅकची फाइल बंद झाली.

मला स्वतःला वाटतं की मांडणी चांगली होती, पण सांगितली गेली तितकी चांगली नव्हती, आणि तितकी चांगली असती तरी फरक पडला नसता. हे समजायला आपल्याच लोकलचं उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. नंतर देशभर २५ हजार व्होल्ट एसी आलं, ते जास्त किफायतशीर, पण मुंबईची उपनगरं डीसीवरच राहिली, कारण सगळे सबस्टेशन, तारा, गाड्या त्याच. शेवटी पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य व हार्बरवर २०१६ पर्यंत बदल पुरा झाला. तो जमला कसा? एक, मालक एकच होता, खर्चही त्याचा आणि फायदाही त्याचा. दोन, मधल्या काळात एसी-डीसी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, त्यामुळे एक दिवसही मुलुंड-घाटकोपरचा माणूस घरी बसला नाही. कीबोर्डचं तसं नाही. मशीन घेणारा मालक वेगळा, बोटांना सवय लावून घेणारा टायपिस्ट वेगळा. टायपिस्ट म्हणतो, मी नवीन शिकून करू काय, ऑफिसात सगळी मशीनं जुनी. मालक म्हणतो, नवी मशीनं घेऊन करू काय, टायपिस्ट सगळे जुने शिकलेले. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली क्वर्टीवर निबंध लिहून याच अडकण्याला अर्थशास्त्रात मानाची जागा मिळवून दिली.

आपल्याकडेही तेच घडलं. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली भारतीय टायपरायटर आणला. घाटकोपर सोडल्यावर लोकलच्या खिडकीतून तो परिसर कोणीही बघितला असेल. २००९ साली कंपनीने उत्पादन थांबवेपर्यंत इंग्रजी मशीनवर क्वर्टीच होती. स्टेशनाजवळच्या टायपिंग क्लासमध्ये बसून ३० आणि ४० च्या सरकारी परीक्षा दिलेल्या आपल्या आया-मावश्यांची बोटं अजूनही तीच मांडणी विसरलेली नाहीत. त्यांना कोणी नवी शिकायला सांगितली असती तर सांगणाऱ्याची काही खैर नव्हती.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे एका हाताकडे. युद्धातून माणसं परत आली ती सगळी धड नव्हती. कर्नल रॉबर्ट अ‍ॅलन हा मूळचा वॉशिंग्टनमधला नावाजलेला पत्रकार. तो जनरल पॅटनच्या थर्ड आर्मीत होता. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला महिनाभर राहिला असताना, जर्मनीत त्याचा उजवा हात गेला. पत्रकाराचा उजवा हात जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पोट टायपरायटरवर. ड्व्होरॅकने एका हाताने टाइप करण्याची मांडणी केली ती या अ‍ॅलनसाठी, असं सांगितलं जातं. १९४७ साली अ‍ॅलनचं थर्ड आर्मीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि पुढेही तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला.

या मांडण्या दोन आहेत, डाव्या हाताची एक आणि उजव्याची एक. जवळपास एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. इथे ड्व्होरॅकला स्वतःचाच लाडका सिद्धान्त सोडावा लागला. हात आलटून पालटून चालवायचे तर दोन हात हवेत! म्हणून त्याने हिशोब बदलला. आता उद्देश एकच, पंजा आडवा कमीत कमी सरकला पाहिजे. क्वर्टीवर एका हाताने टाइप करताना पंजा ए पासून पी पर्यंत रेल्वेच्या शटलसारखा फेऱ्या मारतो, मनगट आणि खांदा दोन्ही भरून येतात. ड्व्होरॅकने पंजा कीबोर्डच्या मध्याजवळ ठेवला आणि ई, एच, टी ही अक्षरं शेजारी शेजारी मधल्या ओळीत, थेट बोटांखाली आणली. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा तीन अक्षरी शब्द हीच तीन अक्षरं मिळून होतो, म्हणजे पंजा न हलवता तो लिहून होतो. वरच्या ओळीत ओ, आर, एस. खाली आय, एन. क्यू, झेड, एक्स आणि आकडे बाजूला ढकलले, तिथे हात क्वचितच जातो. गेमिंग कीपॅड बनवणाऱ्यांनी साठ-सत्तर वर्षांनी जे केलं, म्हणजे पंजा एका जागी टेकवा आणि कामाची बटणं बोटांपाशी आणा, ते त्याने आहे त्याच टायपरायटरच्या बटणांवर केलं.

आमच्या ओळखीच्या एका बीईच्या मुलाने हे करून बघितलं होतं. ब्लॅकबुक सबमिशनला दोन आठवडे असताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर बाइकवरून पडला, डावं मनगट प्लास्टरमध्ये. त्याने विंडोजमध्ये उजव्या हाताची ड्व्होरॅक चालू केली. पहिल्या संध्याकाळी अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या चार ओळी झाल्या आणि चौथ्या दिवशी त्याने गुपचूप क्वर्टी परत लावली. एका हाताने बडवत, पार्टनरला शिव्या घालत रिपोर्ट पुरा केला. त्याचं गणित बरोबरच होतं. प्लास्टर सहा आठवड्यांत निघणार होतं, नवी मांडणी हाताला बसायला तितकेच आठवडे लागले असते. अ‍ॅलनचं प्लास्टर निघणार नव्हतं. स्ट्राँगच्या प्रयोगात पंचवीस दिवस हा तोट्याचा सौदा होता, कारण त्या दहा जणांना दोन हात आणि चालू असलेली जुनी सवय होती. ज्याची जुनी सवयच हाताबरोबर गेली, त्याच्यासाठी त्याच पंचवीस दिवसांची किंमत पार वेगळी. ड्व्होरॅकवरच्या वादात पानंच्या पानं खर्च झाली, त्यात हा मुद्दा फारसा कोणी धरलेला दिसत नाही.

उतारवयात ड्व्होरॅक कडवट झाला होता. माणसांच्या भल्याचं काही करायला जावं तर त्यांना बदलायचंच नसतं, आता आपण थकलो, अशा अर्थाचं तो एका परिचिताकडे बोलला होता. १० ऑक्टोबर १९७५ रोजी सिअ‍ॅटलमध्ये तो गेला. पेटंटची मुदत केव्हाच संपलेली, म्हणजे पैसाही हाती लागला नाही.

आणि मग, अगदी आपल्या सिनेमात होतं तसं, तो गेल्यावर दारं उघडली. टायपरायटरमध्ये मांडणी बदलायची तर लोखंडाचे दांडे बदलायला लागायचे. कॉम्प्युटरमध्ये एक टेबल बदललं की झालं. १९८२ साली अमेरिकन मानक संस्थेने ड्व्होरॅकला पर्यायी मांडणी म्हणून मान्यता दिली. १९८४च्या अ‍ॅपल टू-सी या कॉम्प्युटरवर तर क्वर्टी आणि ड्व्होरॅक यांच्यात अदलाबदल करायला चक्क एक बटण होतं: एसी-डीसी दोन्हीवर चालणारी गाडी अखेर आली, पण प्रवासी कधीच पुढे निघून गेले होते. बार्बरा ब्लॅकबर्न या बाई ड्व्होरॅकवर टाइप करत आणि जलद टायपिंगसाठी त्यांचं नाव कितीतरी वर्षं गिनेस बुकात होतं.

गेमर मंडळींनी मात्र जपून. ड्व्होरॅक लावून काउंटर-स्ट्राइक उघडलंत तर डब्ल्यूच्या जागी स्वल्पविराम येतो आणि ए, एस, डीच्या जागी ए, ओ, ई. एज ऑफ एम्पायर्सचीच आद्याक्षरं. बिचाऱ्या ड्व्होरॅकला हे कळलं असतं तर निदान हसला तरी असता.

करून बघायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जा, इंग्रजीखाली कीबोर्ड वाढवा, यादीत अमेरिकन ड्व्होरॅकच्या खाली आणखी दोन नावं दिसतील: डाव्या हाताची आणि उजव्या हाताची. अक्षरांचा तक्ता छापून मॉनिटरला चिकटवा, कारण बटणांवरची अक्षरं आता खोटं बोलणार. कॉलेजच्या लॅबमध्ये अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर लॅब असिस्टंट काकांना चहा पाजून बघा. आणि झाल्यावर क्वर्टी परत लावायला विसरू नका, पुढच्या बॅचचं प्रॅक्टिकल असतं.